माशीचे नाक : डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे संशोधन

(लालबाग येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला विषय दिला तो 'एका शास्त्रज्ञाची ओळख' असा. पाठ्यपुस्तकातले एखादे नाव घेणे सोपे होते. रामन, भाभा, सलीम अली यांच्यावर आपण सर्वांनीच शाळेत निबंध लिहिले आहेत. मी मुद्दाम असे नाव निवडले आहे की जे या सभागृहात फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल, आणि जिचे उमेदीचे बहुतेक काम आपल्याच मुंबईत, येथून बसने जाता येईल अशा ठिकाणी झाले. डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज हे ते नाव. या बाईंनी जन्मभर अभ्यास केला तो माशीच्या नाकाचा आणि जिभेचा.

मागच्या रांगेत हसू फुटले, ते मला दिसले. हसायला हरकत नाही. पण ही माशी घाणीवर बसणारी नव्हे. केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती जी बारीक, तांबूस डोळ्यांची चिलटे घोंगावतात, ती ही फळमाशी. शास्त्रज्ञ तिला ड्रॉसोफिला म्हणतात. गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत आनुवंशिकतेचे जेवढे ज्ञान या चिलटाने माणसाला दिले, तेवढे क्वचितच दुसऱ्या प्राण्याने दिले असेल. १९१०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये थॉमस मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत ही माशी पाळली. तिच्यात गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या. अंड्यापासून अळी, अळीपासून कोश आणि कोशातून माशी, हा सारा प्रवास दहा-बारा दिवसांत पुरा. माणसाच्या चार पिढ्या पाहायला शंभर वर्षे लागतात. माशीच्या चार पिढ्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करून नाताळापर्यंत पाहून होतात. आणि एवढ्याशा जीवातली पुष्कळशी जनुके थोड्याफार फरकाने आपल्या शरीरातही आहेत.

आता रॉड्रिग्जबाईंच्या शास्त्राविषयी. एका पेशीपासून संपूर्ण प्राणी कसा घडतो, हा गर्भविकासशास्त्राचा मूळ प्रश्न. सुरुवातीला एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. सगळ्यांजवळ जनुकांची तीच पोथी असते. मग एक पेशी डोळ्याची कशी होते आणि दुसरी कातडीची कशी होते? हा प्रश्न आपल्या भागाला तसा परका नाही. शेजारच्या परळमध्ये के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जे बाळ जन्माला आले, ते शरीराबाहेर काचेच्या बशीत फलन झालेल्या अंड्यापासून वाढले होते, आणि त्यामागे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयोगशाळेची मेहनत होती. पुण्यास विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भ कवचाबाहेर वाढवून त्यावर प्रयोग केले आणि विद्यार्थ्यांची एक पिढी तयार केली. रॉड्रिग्जबाई या वाटेला आल्या, पण फार लांबून आल्या.

त्यांचा जन्म १९५३ सालचा, केनियातला. आईवडील मूळ गोव्याकडचे. इंग्रजांच्या अमदानीत गोव्याची पुष्कळ माणसे कारकून, शिक्षक, शिंपी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेली, जशी आपल्या कोकणातली माणसे बोटीवर गेली, मुंबईच्या गिरणीत गेली आणि पुढे आखाती देशांत गेली. मुलगी हुशार निघाली व युगांडातील कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठात शिकू लागली. १९७२ साली इदी अमीन याने नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान आशियाई लोकांना काढले. अशा अस्वस्थ दिवसांत त्या आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्या आणि तेथे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी त्यांनी घेतली.

पुढचा भाग विद्यार्थ्यांनी नीट ऐकावा. डब्लिनमध्ये शिकत असताना त्यांच्या वाचनात एक शोधनिबंध आला. विषय होता जिवाणूंची आनुवंशिकता, लेखक होते ओबैद सिद्दिकी, आणि पत्ता होता टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुलाबा, मुंबई. या मुलीने त्या पत्त्यावर पत्र पाठवले की मला तुमच्याकडे काम करावयाचे आहे. ओळख नाही, वशिला नाही. सिद्दिकींनी उत्तर दिले आणि तिला बोलावून घेतले. त्या काळी इथली हुशार मुले विलायतेला जाण्यासाठी धडपडत होती. ही मुलगी विलायतेहून मुंबईला आली.

सिद्दिकींनी अनोळखी पत्राला उत्तर दिले यात मला नवल वाटत नाही, कारण त्यांचे स्वतःचे आयुष्यही अशाच एका पत्रव्यवहाराने वळण घेऊन मुंबईला लागले होते. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात १९३२ साली जन्म, अलीगढला शिक्षण, पुढे ग्लासगोला ग्वीदो पोन्तेकोर्वो यांच्या हाताखाली पीएच.डी. आणि मग अमेरिका. तेथे लिओ झिलार्ड या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने त्यांची गाठ होमी भाभांशी पत्राने घालून दिली. भाभांची संस्था भौतिकशास्त्राची आणि गणिताची. तरीही १९६२ साली भाभांनी या तिशीतल्या तरुणावर भरवसा ठेवून रेणवीय जीवशास्त्राचा एक नवा विभाग त्याच्या हाती सोपवला. पहिली काही वर्षे तेथे जिवाणूंवर काम चालले. १९७०नंतर सिद्दिकी अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याकडे जाऊन फळमाशीकडे वळले. उष्णता वाढताच लुळी पडणारी आणि गार होताच पुन्हा चालू लागणारी माशी त्यांनी अभ्यासली व तिच्या मज्जातंतूंत काय बिघडते ते १९७६च्या निबंधात दाखवले. परत येताना ते मुंबईला फळमाशी घेऊन आले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००६ साली पद्मविभूषण, असे सर्व मानसन्मान झाले. २०१३ साली ते बंगलोरला वारले. त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, पण आजचा विषय त्यांची शिष्या आहे.

आता कुलाब्यातल्या त्या प्रयोगशाळेत काय चालले होते ते सांगतो. माशीला वास कसा कळतो आणि चव कशी कळते, हा प्रश्न. माशी बोलत नाही. मग विचारायचे कसे? रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी घेतली. एका फाट्यातून वास येतो, दुसऱ्यातून स्वच्छ हवा. माशी कोणत्या फाट्याला वळते ते मोजायचे. हजारो माशा अशा तपासल्या की एखाददुसरी अशी सापडते जी वासाकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्या एखाद्या जनुकात दोष असतो. त्या माशीची प्रजा वाढवायची, दोष कोणत्या गुणसूत्रावर आहे ते शोधायचे, आणि नाकाचा कोणता भाग बंद पडला ते पाहायचे. मेकॅनिक बंद पडलेल्या गाडीवरून चालू गाडी समजून घेतो, तशीच ही रीत. वास व चव यांत दोष असलेल्या माशांवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध १९७८ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला.

चवीच्या कामात एक गंमत निघाली. आपण 'गोड' हा एकच शब्द वापरतो. पण ग्लुकोजच्या जातीची साखर ओळखता न येणारी, आणि फळांतली साखर मात्र नीट ओळखणारी माशी त्यांना सापडली. म्हणजे गोड कळण्याचे दरवाजे माशीजवळ एकाहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी एकाच दरवाजाला कुलूप लागले होते. हा निबंध १९८१चा.

त्यानंतर त्या पश्चिम जर्मनीतील ट्यूबिंगन येथे माक्स प्लांक संस्थेत गेल्या. तेथे एरिक बुखनर यांच्यासह त्यांनी एक युक्ती वापरली. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर जास्त ओढतो. किरणोत्सर्गी खूण केलेली साखर माशीला द्यायची, तिला एका वासात ठेवायचे, आणि नंतर मेंदूचे पातळ काप करून खूण कोठे जमली ते पाहायचे. माशीच्या डोक्यावर दोन शृंगिका असतात, तेच तिचे मुख्य नाक. प्रत्येकीतून सुमारे बाराशे मज्जातंतू निघून मेंदूत सुमारे पन्नास बारीक गोळ्यांत शिरतात. रॉड्रिग्जबाईंना दिसले की वेगळ्या वासाला या गोळ्यांचा वेगळा संच जागा होतो. हे काम १९८४ व १९८८ साली प्रसिद्ध झाले. वास पकडणाऱ्या जनुकांचा शोध रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना उंदरात लागला तो १९९१ साली, आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले २००४ साली. त्याआधीच मेंदूतल्या वासाच्या नकाशाचा एक तुकडा रॉड्रिग्जबाईंनी रेखाटून ठेवला होता.

मुंबईला परतल्यावर त्यांनी प्रश्नच बदलला, आणि येथून त्यांचे गर्भविकासशास्त्रातील खरे काम सुरू होते. नाक चालते कसे हे पुष्कळसे कळले. पण हे नाक बनते कसे? कोशात अळीची माशी होत असताना त्या शृंगिकेवर शेकडो केस उगवतात, प्रत्येक केसाखाली वास घेणारे तंतू बसतात, आणि ते तंतू मेंदूत जाऊन आपापल्या गोळ्यात नेमके शिरतात. हे सारे कोण ठरवतो?

माशीच्या अंगावरचा साधा स्पर्शाचा केस कसा बनतो हे आधी माहीत होते. तेथे एक मूळ पेशी निवडली जाते, ठरलेल्या क्रमाने तिच्या लेकी-नाती होतात, आणि केस, त्याची खोबण, त्याचा तंतू हे सारे त्याच एका घराण्यातून निघतात. वासाचा केसही असाच बनत असेल असे वाटणे साहजिक होते. रॉड्रिग्जबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९९५ आणि १९९७च्या निबंधांत दाखवले की तेथे प्रकार निराळा आहे. प्रथम एक पेशी निवडली जाते हे खरे, परंतु ती एकटी राहत नाही. ती आजूबाजूच्या पेशींना आपल्या गटात ओढून घेते, आणि तो लहानसा गट मिळून केस घडवतो. कोण कोणाच्या पोटचे, एवढ्यावर पेशीचे भवितव्य ठरत नाही. ती कोणाशेजारी उभी आहे यावरही ठरते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. ही उपमा आहे, ती फार ताणू नका. पण माझ्या मते रॉड्रिग्जबाईंच्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग.

लगेच पुढच्या वर्षी, १९९८ साली, लॉझेंज नावाच्या जनुकावरचे काम आले. हे जनुक माशीच्या डोळ्याच्या घडणीसाठी पूर्वीपासून ठाऊक होते. नाकावर वासाच्या केसांच्या वेगवेगळ्या जाती असतात. या जनुकाचा अंमल किती, त्या प्रमाणावर केस कोणत्या जातीचा होणार ते ठरते, असे दिसून आले. आपल्या मसाला गल्लीतल्या दुकानदाराला विचारा: जिन्नस तेच, पण प्रमाण बदलले की मालवणी मसाल्याचा गोडा मसाला होतो की नाही? (जिन्नसही थोडे बदलतात, हे आमच्या घरातून मला बजावण्यात आले आहे.) पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माशीतल्या या जनुकाचा माणसातला भाऊबंद बिघडला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. परळच्या टाटा रुग्णालयात ज्या आजारासाठी गावोगावचे लोक येऊन फुटपाथवर राहतात, त्या आजाराच्या जनुकाचा एक धागा माशीच्या नाकाशी जुळतो. 'माशीवर पैसा कशाला घालवायचा' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच उत्तर देतो.

२००२ सालच्या निबंधात प्रश्न होता वाटेचा. नाकातून निघालेला तंतू मेंदूत पोचतो कसा? असे आढळले की ॲटोनल नावाच्या जनुकाच्या अमलाखाली बनलेले थोडे तंतू आधी निघतात, मेंदूत शिरतात आणि गोळ्यांची मांडणी सुरू करतात. बाकीचे त्यांच्या मागून येतात. हे पहिले तंतू तयारच होऊ दिले नाहीत, तर मागच्यांचीही घडी बिघडते. लालबाग-परळला आपले आजोबा-पणजोबा कसे आले ते आठवा. रत्नागिरीच्या एखाद्या गावातून एक जण आला, गिरणीत लागला, खोलीत वळकटी टाकायला जागा मिळवली, आणि मग त्याच्या पत्त्यावर सारा गाव आला.

आता वासाच्या सवयीविषयी. मसाला गल्लीत पाऊल टाकले की आपल्याला ठसका लागतो. तेथे सकाळपासून बसलेल्या दुकानदाराला काही वाटत नाही. त्याचे नाक बधिर झाले असे आपण म्हणतो, पण मिरची जळू लागली तर तोच आधी ओरडतो. माशीचेही असेच असते. तिला अर्धा तास एका वासात ठेवले तर ती काही वेळ त्या वासाला दाद देत नाही. चार दिवस ठेवले तर ही सवय पुष्कळ काळ टिकते. रॉड्रिग्जबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही सवय होण्याची जागा नाकात नसून मेंदूत आहे. वासाच्या गोळ्यांत काही आवर घालणारे तंतू असतात. त्यांचा जोर वाढतो आणि ओळखीचा वास तेवढा दाबला जातो. माशीच्या स्मरणाचा हा सर्वांत साधा प्रकार. हा निबंध २०११ साली छापून आला. रॉड्रिग्जबाई तेव्हा हयात नव्हत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. वय सत्तावन्न.

मोठ्या शास्त्रज्ञाचे वजन पदकांवरून मोजण्याची आपली सवय आहे. मी ते शिष्यांवरून मोजतो. रॉड्रिग्जबाई टाटा संस्थेच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. सिद्दिकींनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस बंगलोरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले, तेथेही त्यांनी पुढे काम केले. डॉ. गैती हसन इंग्लंडात पीएच.डी. करून आल्या त्या सिद्दिकी-रॉड्रिग्ज यांच्या या गटात, आणि पुढे बंगलोरच्या केंद्रात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा चालवली. माशीच्या नाकावर शिकलेले विद्यार्थी माशीपाशीच थांबले असे नाही. वेणुगोपाल रेड्डी अमेरिकेत वनस्पतींचे शेंडे कसे वाढतात ते पाहू लागले, भगवती गुप्ता कॅनडात एका सूक्ष्म कृमीकडे वळले, आणि धनिषा झवेरी ऑस्ट्रेलियात मेंदूत नवे मज्जातंतू कसे जन्मतात याच्या शोधात गेल्या. तिघांच्या प्रयोगातला जीव वेगळा आणि प्रश्न मात्र तोच: पेशीला आपले काम कसे कळते?

गेल्या खेपेला एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "सर, मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचे म्हणते. डॉक्टरकीला नंबर लागेल असे मार्क आहेत. संशोधनात पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांतून मुलगी पंचविशीपर्यंत शिकत राहणे म्हणजे घरच्यांवर नातलगांचे शंभर सवाल. तेव्हा साफ उत्तर देतो. डॉक्टराएवढा पैसा यात नाही. परंतु टाटा संस्थेसारख्या ठिकाणी पीएच.डी.साठी निवड झाली की दरमहा विद्यावेतन मिळते, घरून पैसे मागावे लागत नाहीत. त्यासाठी देशभर प्रवेशपरीक्षा असते, आणि बी.एस्सी. झाल्यावरही तिला बसता येते. ती परीक्षा अवघड आहे. गणित आणि इंग्रजी कच्चे ठेवून चालत नाही. शेवटची काही वर्षे निकाल हाती न लागता जातात, आणि त्या दिवसांत घरच्यांनी 'अजून संपले नाही का?' असे रोज विचारू नये, एवढी माझी विनंती. त्या मुलीला मी रॉड्रिग्जबाईंची पत्राची गोष्ट सांगितली. तिने मला विचारले, पत्रात काय लिहायचे? मी म्हटले, त्यांचा निबंध वाच, जेथे समजत नाही तेथे खूण कर, आणि तेच विचार.

लहान विद्यार्थ्यांसाठी एक काम सांगतो आणि थांबतो. रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या. तिच्यात फार पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका. कागदाचा नरसाळ्यासारखा कोन करून, टोकाला बारीक भोक ठेवून, तोंडावर बसवा. आईला आधी विचारा. एक-दोन दिवसांत चिलटे आत शिरतील. नेमकी ड्रॉसोफिलाची तीच जात असेल असे नाही, पण तिची भावंडे असतील. मग माशा सोडून द्या आणि बाटलीला पातळ कापडाचा दादरा बांधा. रोज भिंगातून पाहा. केळ्यात पांढऱ्या अळ्या दिसतील, मग त्या काचेवर चढून तपकिरी कोश होतील. कोश गडद होऊ लागला की आतली माशी दिसते. तिच्या डोक्यावरच्या दोन बारीक शृंगिका शोधा. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, म्हणजे एकूण किती दिवस लागले ते सांगता येईल. पुढच्या महिन्यात मी शाळेत येईन तेव्हा प्रत्येकाचा आकडा मला हवा आहे.